नाच आणि नृत्य : एका शब्दाची कुळकथा

नाशिक शहरांतील एखाद्या नाट्यगृहांत कथ्थकाचा प्रयोग व्हावयाचा असला म्हणजे त्याच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘नृत्य’ हा शब्द असतो. त्याच जिल्ह्यांतील पेठ-सुरगाण्याच्या डोंगरपट्ट्यांत पावरीच्या सुरावर रात्र रात्र फेर धरला जातो, त्याला तेथील लोक ‘नाच’ म्हणतात. गणेशविसर्जनाच्या मिरवणुकींत ढोलाच्या ठेक्यावर तरुण मंडळी जें करतात तेंहि नाचच. आणि पोटासाठीं पायांत चाळ बांधणाऱ्या बाईचा उल्लेख तिरस्कारानें करावयाचा झाला, तर ‘नाचणारी’ एवढा एकच शब्द पुरतो. चारहि ठिकाणीं मनुष्याचा देह तालावर हालत असतो. परंतु पहिल्या ठिकाणीं टाळ्या, दुसऱ्या ठिकाणीं श्रद्धा, तिसऱ्या ठिकाणीं थोडें कौतुक व थोडा त्रास आणि चौथ्या ठिकाणीं तुच्छता, अशी फळाची वांटणी झालेली दिसते. रंगमंचावर पदन्यास करणाऱ्या मुलीच्या वडिलांना ‘आपली कन्या सुरेख नृत्य करते’ असें म्हटलें तर त्यांचा चेहरा खुलतो. ‘आपली कन्या सुरेख नाचते’ असें म्हटलें तर ते क्षणभर घुटमळतात. हा भेद शब्दांत आहे, कीं आणखी कशांत आहे? उत्तर हवें असेल तर या शब्दाची कुळकथा प्रथम पाहिली पाहिजे.

या कुळकथेचा आरंभच मोठा उद्बोधक आहे. कारण ‘नाच’ आणि ‘नृत्य’ हे मुळांत दोन शब्द नसून एकच शब्द आहे. संस्कृतांत ‘नृत्’ असा धातु आहे व त्याचें ‘नृत्यति’ असें रूप होतें. प्राकृत बोलणाऱ्या लोकांच्या मुखीं ऋकार टिकला नाहीं. त्याच्या जागीं अ, इ किंवा उ यांपैकीं एखादा स्वर आला. तसेंच ‘त्य’ या जोडाक्षराचें ‘च्च’ झालें. अशा रीतीनें पालींत ‘नच्चति’ आणि महाराष्ट्री प्राकृतांत ‘णच्चइ’ हीं रूपें सिद्ध झालीं. पुढें मराठी आकारास येतांना त्या जोड व्यंजनांतील एक गळून पडलें आणि त्याची भरपाई म्हणून मागचा स्वर दीर्घ झाला. ‘णच्च’ याचें ‘नाच’ झालें तें असें. ही कांहीं आडवाट नव्हे. मराठीचा तो राजमार्गच आहे. ‘सत्य’ याचें ‘सच्च’ व पुढें ‘साच’, ‘अद्य’ याचें ‘अज्ज’ व पुढें ‘आज’, ‘हस्त’ याचें ‘हत्थ’ व पुढें ‘हात’, ‘कर्म’ याचें ‘कम्म’ व पुढें ‘काम’, हे सारे शब्द याच मार्गानें चालत आले आहेत. हिंदी, गुजराती, बंगाली या भगिनीभाषांतहि ‘नाच’ आहे तो याच कुळांतला. मराठीनें त्यावर स्वतःची एक मुद्राहि उमटविली आहे. ‘नाच’ म्हणतांना त्यांतील चकाराचा उच्चार ‘चार’ या शब्दांतल्याप्रमाणें होत नाहीं. तो ‘चाक’ या शब्दांतल्याप्रमाणें, दांतांना जीभ भिडवून होतो.

तेव्हां ‘नृत्य’ हा शब्द पोथींतून उचलून आणलेला आणि ‘नाच’ हा लोकांच्या तोंडून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला, इतकाच काय तो दोहोंमधील फरक. आतां ‘हस्त’ या शब्दापुढें ‘हात’ हा शब्द कोणास हलका वाटत नाहीं. ‘आज’ म्हणण्याऐवजीं ‘अद्य’ म्हटल्यानें दिवसाची प्रतिष्ठा वाढत नाहीं. मग ‘नाच’ या शब्दाच्याच वांट्यास हें उणेपण कां यावें? उच्चाराच्या झिजेमुळें तें आलें नाहीं, एवढें तर उघडच आहे.

या धातूचा संसार किती जुना आहे, हें ऋग्वेदावरून कळतें. पहिल्या मंडलांतील एका सूक्तांत उषेला नर्तकीची उपमा दिलेली आहे. तेथें नर्तकीसाठीं ‘नृतू’ हा शब्द आहे. इंद्रासारख्या देवाधिदेवालाहि ऋषींनीं ‘नृतु’ म्हणून हांक मारलेली आढळते. देवांना उद्देशून हा शब्द वापरतांना त्यांना संकोच वाटला नाहीं.

‘नट’ या शब्दाची हकीकत याहूनहि चमत्कारिक आहे. भाषाशास्त्रज्ञांचा सर्वसाधारण अभिप्राय असा आहे कीं, ‘नट’ हें याच ‘नृत्’ धातूचें प्राकृत वळणाचें रूप होय. ऋकार गेला आणि जातां जातां तकाराला मूर्धन्य करून गेला. ‘भृत’, म्हणजे वेतन देऊन पोसलेला, या शब्दाचें ‘भट’, म्हणजे शिपाई, असें रूप झालें, तसेंच हें. लोकांच्या बोलींतील हें रूप संस्कृतानें मोठ्या मनानें आपलेंसें केलें; आणि तेंहि फार लवकर, कारण पाणिनीच्या सूत्रांत ‘नटसूत्रांचा’, म्हणजे नटांसाठीं रचलेल्या ग्रंथांचा, उल्लेख आहे. नाटक, नाट्य, नाट्यशास्त्र हे सर्व भारदस्त शब्द या ‘नट’ रूपाच्याच परिवारांतले. चिदंबरच्या ज्या शिवमूर्तीपुढें सारें जग नतमस्तक होतें, ती ‘नटराज’ या नांवानेंच ओळखली जाते. म्हणजे ‘नाच’ हा शब्द प्राकृत म्हणून ज्याला कमी प्रतीचा वाटतो, त्यानें हें ध्यानांत ठेवावें कीं, ‘नटराज’ या नांवाचा पूर्वार्धहि प्राकृताच्याच घरचा आहे.

शब्दावरून दृष्टि त्या कलेकडे वळविली म्हणजे नाशिकच्या आसमंतांतच एक जुना पुरावा हातीं लागतो. मुंबईकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्रिरश्मि डोंगरावर जीं लेणीं आहेत आणि ज्यांना लोक पांडवलेणीं म्हणतात, त्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत एक विस्तृत प्राकृत शिलालेख आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावि याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षीं, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत, त्याची आजी गौतमी बलश्री हिनें हें लेणें भिक्षूंना अर्पण केलें. त्या प्रसंगीं आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णि याचे गुण तिनें या लेखांत वर्णिले आहेत. त्याचा पराक्रम, त्याची मातृभक्ति, प्रजेच्या सुखदुःखाशीं त्याची समरसता यांच्या जोडीला तो उत्सव आणि ‘समाज’ करविणारा होता, असेंहि एक विशेषण तेथें आहे.

या ‘समाज’ शब्दाकडे किंचित् थांबून पाहण्यासारखें आहे. त्या काळीं ‘समाज’ या शब्दाला आजचा व्यापक अर्थ नव्हता. गाणें, बजावणें, नाच, कुस्त्या पाहण्यासाठीं जो मेळा जमे, त्याला समाज म्हणत. ओरिसांतील हाथीगुंफेच्या लेखांत खारवेल राजानें उत्सव-समाज करवून राजधानीचें रंजन केलें असें म्हटलें आहे, तेथें लागूनच नृत्य, गीत व वादन यांचा निर्देश आहे. पाली वाङ्मयांतील सिगालोवाद सुत्तांत समाजाच्या नादीं लागण्याचे तोटे सांगितले आहेत; असा मनुष्य सदैव ‘नच्च’ कोठें आहे, गीत कोठें आहे, याचाच शोध करीत फिरतो, हा त्यांतला पहिला तोटा. म्हणजे ‘नच्च’ हा समाजाचा जीवच होता. आज ‘समाज काय म्हणेल’ या धाकानें कित्येक घरांत मुलींच्या पायांतले चाळ काढून ठेवले जातात. परंतु ‘समाज’ हा शब्द एके काळीं नाचाच्या मेळ्याचेंच नांव होता, ही गोष्ट विसरली गेली आहे.

तथापि एकच बाजू सांगून भागणार नाहीं. ज्या भिक्षूंना तें लेणें मिळालें, त्यांच्या धर्मांत भिक्षूनें नाच, गीत व वादन यांचे खेळ पाहूं नयेत असा नियम होता. पाली शीलांत ‘नच्च’ हा शब्द त्या निषेधाच्या आरंभींच येतो. म्हणजे ज्या भिंतीवर समाज करविणाऱ्या राजाची स्तुति कोरलेली, त्याच भिंतीआड नाचापासून दूर राहण्याचें व्रत घेतलेले लोक राहत होते. नाचाविषयींची ओढ आणि नाचाविषयींचा संशय, या दोन्ही वृत्ति या देशांत प्रथमपासून शेजारींशेजारीं नांदत आल्या आहेत. मात्र भिक्षूंचा नियम नाच पाहणाऱ्या स्वतःपुरता होता. नाचणाऱ्याची जात लावण्यासाठीं तो नव्हता.

शास्त्रकारांनीं या कलेचे जे भेद केले तेहि पाहण्याजोगे आहेत. दहाव्या शतकांत माळव्याच्या मुंज राजाच्या पदरीं असलेल्या धनंजयानें आपल्या ‘दशरूपक’ ग्रंथांत असें सांगितलें आहे कीं, जें भावावर आधारलेलें तें ‘नृत्य’ आणि जें केवळ ताल व लय यांवर आधारलेलें तें ‘नृत्त’. पुढें यादवांच्या राज्यांत हा विचार अधिक विस्तारला. या यादवांचीं आरंभींचीं ठाणीं नाशिक जिल्ह्यांतच, चांदवड व सिन्नर येथें होतीं. नंतर त्यांची राजधानी देवगिरीस गेली. तेथें सिंघण राजाच्या कारकीर्दींत, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याच्या सात अध्यायांपैकीं शेवटचा ‘नर्तनाध्याय’ असून ‘नर्तन’ या एका छत्राखालीं त्यानें नाट्य, नृत्य व नृत्त या तिघांना स्थान दिलें आहे.

या व्याख्या लावून पाहिल्या तर एक गंमतीची गोष्ट दिसून येते. कथ्थकांतील तत्कार व तोडे यांत अर्थाभिनय नसतो, केवळ लयीचा विलास असतो. म्हणून ते शास्त्रदृष्ट्या ‘नृत्त’. विसर्जनाच्या मिरवणुकींतील पोरांच्या पायांतहि अर्थ नसतो, ठेका असतो. तेव्हां तेंहि ‘नृत्त’च. कौशल्यांत जमीन-अस्मानाचें अंतर असेल. परंतु शास्त्रानें दोघांना एकाच पंक्तीस बसविलें आहे. शास्त्राचा भेद भाव आणि लय यांमधला होता. प्रतिष्ठित व अप्रतिष्ठित हा भेद त्यानें केला नव्हता.

महाराष्ट्रांत तर या शब्दाला संतांनीं मोठें मानाचें स्थान दिलें होतें. नामदेवांनीं कीर्तनाच्या रंगांत नाचण्याची प्रतिज्ञा केली, ती ‘नृत्य’ हा शब्द योजून नव्हे. ‘नाचणें’ हेंच क्रियापद त्यांनीं वापरलें. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरीं निवृत्तिनाथांच्या समाधीपाशीं दिंड्या जमतात, तेव्हां टाळाच्या घोषांत पाउल्या टाकणाऱ्या वारकऱ्याला आपण कांहीं हीन कर्म करीत आहों असें स्वप्नांतहि वाटत नाहीं.

असें असूनहि कुलीन घरांतील मराठी भाषेनें हें क्रियापद हळूहळू बाजूस सारलें, याचा पुरावा रोजच्या बोलण्यांतच आहे. मंगळागौरीला बायका फुगडी ‘खेळतात’, झिम्मा ‘खेळतात’. नवरात्रांत गरबा ‘खेळतात’. शाळेंतील मुलें लेझीम ‘खेळतात’. वारकरी पाउली ‘खेळतात’. गोंधळी गोंधळ ‘घालतात’. यांतील कोणीच ‘नाचत’ नाहीं! वास्तविक या प्रत्येक प्रकारांत ताल आहे, गिरकी आहे, पदन्यास आहे. नाचाचें कोणतेंहि लक्षण कमी नाहीं. परंतु घरंदाज बाईच्या संबंधांत ‘नाचणें’ हा शब्द नको, म्हणून भाषेनें ‘खेळणें’ या शब्दाचा पदर पुढें केला. मग ‘नाच’ हा शब्द उरला कोणासाठीं? मोरासाठीं, लहान मुलासाठीं, आणि पैसे घेऊन नाचणाऱ्या माणसासाठीं. पहिल्या दोघांच्या अंगीं निष्पापपणा असल्यामुळें त्यांना तो बाधला नाहीं. तिसऱ्याच्या अंगास मात्र तो चिकटून राहिला. तमाशांतील स्त्रीवेषधारी पुरुषाला ‘नाच्या’ म्हणत; त्या शब्दांतील कुत्सितपणा मराठी कानाला समजावून सांगावा लागत नाहीं.

संस्कृत शब्द वापरल्यानें हा डाग टळला असता काय? याचेंहि उत्तर इतिहासानें देऊन ठेवलें आहे. पेशवाईंत नाचगाणें करणाऱ्या व ठेवून घेतलेल्या स्त्रीला ‘नाटकशाळा’ म्हणत. शब्दाची घडण पाहिली तर निर्मळ संस्कृत, अर्थ नाट्यगृह. परंतु जिला तो लावला तिच्या स्थितीमुळें तो तोंडांतून काढण्याची चोरी झाली. ‘कलावंतीण’ या शब्दाचीहि तीच गत. कला जिच्यापाशीं आहे ती कलावंतीण, याहून सुंदर नांव कोणतें? परंतु ‘कलावंत’ म्हटल्यानें पुरुषाचा गौरव होतो आणि ‘कलावंतीण’ म्हटल्यानें बाईची मान खालीं जाते. येथें शब्दाचा काय अपराध? समाजानें जिला खालीं बसविलें, तिच्याबरोबर तिचें नांवहि खालीं बसलें.

अशा अवस्थेंत हा शब्द इंग्रजांच्या हातीं पडला. कंपनीच्या अमदानींत साहेबलोकांना नबाबांच्या व संस्थानिकांच्या घरीं नाचाच्या बैठकींचीं आमंत्रणें येत. त्यांनीं ‘नाच’ हा शब्द ‘नॉच’ असा करून आपल्या भाषेंत घेतला. १८८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या सुप्रसिद्ध कोशांत त्याला जागा मिळाली आहे. मूळ भाषांत मोर, बालक, वारकरी व देव या सर्वांना सामावून घेणारा शब्द इंग्रजींत केवळ नाचणाऱ्या बाईपुरता उरला. आणि मग नवशिक्षित हिंदी गृहस्थ इंग्रजी पुस्तकांतून आपल्याच शब्दाकडे पाहूं लागले, तेव्हां त्यांना तो त्या संकुचित अर्थानेंच दिसूं लागला. १८९३ मध्यें मद्रासच्या समाजसुधारकांनीं व्हाइसरॉय व गव्हर्नर यांना अर्ज करून नाचाच्या समारंभांस त्यांनीं जाऊं नये अशी विनंति केली. ती त्या वेळीं मान्य झाली नाहीं; परंतु चळवळ वाढत गेली. मुंबई इलाख्यांत १९३४ सालीं देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला व मद्रास प्रांतांत १९४७ सालीं. अजाण मुलींना देवाच्या नांवानें वाहून टाकण्याची चाल बंद पडावी हा हेतु सर्वस्वीं योग्य होता, यांत शंका नाहीं. परंतु त्याबरोबर एक गोष्ट अशीहि घडली कीं, जिनें ती कला पिढ्यान्‌पिढ्या जतन केली होती तिच्या हातून ती निसटली.

आणि कला नव्या हातीं जातांना तिनें नवें नांव धारण केलें. दक्षिणेंत ज्या प्रकाराला ‘सदिर’ म्हणत, त्याला १९३० नंतरच्या दशकांत ‘भरतनाट्यम्’ हें नांव रूढ झालें. या प्रकाराशीं मराठी माणसाचा संबंध जवळचा आहे. त्याचा आजचा क्रम ज्या चौघा बंधूंनीं बांधला, ते तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांच्या दरबारीं होते आणि त्या दरबारांत नृत्यासाठीं मराठींतहि रचना झाल्या. इकडे महाराष्ट्रांत मादाम मेनका यांनीं खंडाळ्यास जी संस्था काढली तिचें नांव ‘नृत्यालयम्’, आणि रोहिणी भाटे यांनीं १९४७ सालीं पुण्यास स्थापिलेल्या संस्थेचें नांव ‘नृत्यभारती’. या नांवांमागची अडचण समजण्यासारखी आहे. मध्यमवर्गीय घरांतील मुलींना शिकवावयाचें, तर पालकांच्या मनांतील भीति प्रथम दूर व्हावयास हवी. ‘नाच’ या शब्दानें ती वाढली असती, ‘नृत्य’ या शब्दानें ती शमली. या शब्दानें हजारों मुलींना ही कला खुली केली, हे त्याचे उपकार नाकारतां येणार नाहींत. मात्र ‘नृत्य’ उंच आसनावर चढलें, तेव्हां ‘नाच’ आपोआप खालच्या पायरीवर राहिला, हेंहि तितकेंच खरें.

त्यानंतर ‘डान्स’ हा तिसरा शब्द आला. ‘नृत्य’ म्हणावें तर फार जड आणि ‘नाच’ म्हणावें तर हलकें, अशा पेचांत सांपडलेल्या शहरी कुटुंबांनीं तो आनंदानें स्वीकारला. लग्नांत ‘डान्स’ होतो, शाळेच्या स्नेहसंमेलनांत ‘डान्स’ बसवितात. परंतु परक्या शब्दानेंहि प्रश्न सुटला नाहीं, हें ‘डान्स बार’ या जोडशब्दानें दाखवून दिलें. २००५ सालीं महाराष्ट्रांत मुंबई पोलिस कायद्यांत दुरुस्ती करून मद्यगृहांतील नाचाला बंदी करण्यांत आली. मात्र तीन तारे व त्याहून वरच्या दर्जाचीं हॉटेलें त्यांतून वगळलीं होतीं. हजारों स्त्रियांचा रोजगार गेला. मुंबई उच्च न्यायालयानें २००६ मध्यें ही बंदी घटनाविरोधी ठरविली व सर्वोच्च न्यायालयानें २०१३ मध्यें तोच निर्णय कायम केला. जी गोष्ट स्वस्त जागीं अनीतिमान, ती महाग जागीं नीतिमान कशी होते, हा त्या वादाचा एक मुख्य मुद्दा होता. २०१६ मध्यें सरकारनें नवा कायदा केला. त्यांतील कित्येक अटी २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें रद्द केल्या व कांहीं राहूं दिल्या. न्यायालयापुढें जो प्रश्न होता, तोच भाषेपुढेंहि पूर्वीपासून उभा आहे: नाच वाईट, कीं नाचणाऱ्याची गरिबी वाईट दिसते?

या प्रश्नाचें एक उत्तर नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत आजहि ऐकूं येतें. कळवण, बागलाण, सुरगाणा या भागांत मार्गशीर्ष महिन्यांत कोकणा, भिल्ल आदि लोकांचा डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो. व्रत धरलेले पुरुष भोपळ्यापासून केलेल्या पावरीच्या सुरावर देवाभोंवतीं फेर धरून नाचतात. पेठ, त्र्यंबकेश्वर या बाजूस उन्हाळ्याच्या दिवसांत बोहाडा होतो. गणपति, सरस्वती व इतर देवदेवतांचे मोठाले मुखवटे धारण करून संबळ-सनईच्या साथीवर एकेक सोंग ‘नाचवीत’ आणतात. येथें नाचणारा गांवचाच शेतकरी असतो आणि पाहणारेहि त्याचेच शेजारी असतात. पैसे देऊन पाहणारा वरचा आणि पैसे घेऊन नाचणारा खालचा, असे दोन वर्ग तेथें पडलेले नाहींत. म्हणून तेथें ‘नाच’ हा शब्दहि मळलेला नाहीं. त्यांना ‘नृत्य’ या शब्दाची गरज भासली नाहीं, कारण ‘नाच’ या शब्दांत त्यांना झांकावयाचें असें कांहीं नाहीं.

सारांश, ‘नृत्य’ आणि ‘नाच’ यांत रक्ताचा भेद नाहीं. वेदांत उषेसाठीं, शिलालेखांच्या काळीं राजाच्या मेळ्यांत, संतांच्या कीर्तनांत आणि डोंगरांतील देवापुढें तोच एक धातु वावरत आला आहे. मराठीनें ‘नृत्य’ हा शब्द अवश्य वापरावा. भावाभिनयानें नटलेल्या प्रकाराला तो शास्त्रानेंच दिलेला आहे. परंतु तो वापरतांना ‘नाच’ या शब्दाकडे आणि त्याहून अधिक नाचून पोट भरणाऱ्या माणसाकडे पाहण्याची दृष्टि तपासून पाहण्यास हरकत नाहीं. शब्द धुऊन घेतल्यानें तो माणूस वर येत नाहीं. त्याला वर आणलें म्हणजे शब्द आपोआप स्वच्छ होतो. ज्या दिवशीं रंगमंचावरील मुलीच्या वडिलांना ‘आपली कन्या सुरेख नाचते’ हें वाक्य ऐकून न घुटमळतां हंसूं येईल, त्या दिवशीं हा जुना मराठी शब्द आपल्या घरीं परत आला असें म्हणतां येईल.